स्मार्ट चष्मा घेण्याआधी: दूरच्या तज्ज्ञाला नेमके काय दिसायला हवे?

चाकणमधील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या देखभाल विभागप्रमुखांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यात जर्मन आणि जपानी बनावटीची यंत्रे आहेत आणि मोठा बिघाड झाला की तिकडचा अभियंता येईपर्यंत दिवस वाया जातात. डोक्यावर घालायची, कॅमेरा आणि लहान पडदा असलेली ऑगमेंटेड रिॲलिटीची (एआर) उपकरणे घेऊन व्हिडिओवरूनच मदत मिळवावी, असा व्यवस्थापनाचा विचार आहे. कोणते उपकरण घ्यावे, किती घ्यावीत, कामगार ती वापरतील का, आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ फिटरच्या अनुभवाचा यात काही उपयोग होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ यंत्रदेखभालीत आहे आणि गेली काही वर्षे अशी उपकरणे वेगवेगळ्या कारखान्यांत बसवण्याचे, आणि काही ठिकाणी काढून ठेवण्याचेही, काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट सांगतो. ही उपकरणे उपयोगी आहेत. पण त्यांची निवड जवळजवळ सगळेजण उलट्या टोकाकडून करतात. विक्रेता हेडसेट डोक्यावर चढवतो, हवेत तरंगणारी चित्रे दाखवतो आणि घालणाऱ्याला काय दिसते यावरून खरेदी ठरते. दूरच्या मदतीत मात्र बिघाड ओळखणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. त्याला काय दिसते, काय ऐकू येते आणि तो बोट कशावर ठेवू शकतो, यावर सगळे यश अवलंबून असते. म्हणून निवड त्याच्या टेबलापासून सुरू करा.

आधी एक घोळ दूर करायला हवा. बाजारात ‘एआर हेडसेट’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. बोइंगमध्ये १९९० च्या सुमारास टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर विमानातील तारांच्या जुड्या बांधण्याचे काम होते. कामगाराने कागदावरचा आराखडा आणि समोरचा फळा यांच्यात सतत नजर फिरवण्याऐवजी आराखडाच फळ्यावर उमटलेला दिसावा, अशी ती अपेक्षा होती. खरी ऑगमेंटेड रिॲलिटी ती हीच. तीत चित्र खऱ्या वस्तूला चिकटलेले असते आणि मान वळवली तरी ते वस्तूवरच राहते. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स आणि मॅजिक लीप ही या जातीची उपकरणे आहेत. दुसऱ्या जातीत रिअलवेअर किंवा व्ह्युझिक्सची एका डोळ्यासमोर छोटा पडदा धरणारी उपकरणे येतात. त्यांच्यात वस्तूला काहीही चिकटत नाही; डोक्यावर बसवलेला कॅमेरा, आवाजावर चालणारा अँड्रॉइड संगणक आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक पडदा, एवढाच तो मामला आहे. तुम्ही वर्णन केलेल्या कामांपैकी बहुतेकांना ही दुसरी जात पुरते, आणि काही कामांना तर तीसुद्धा लागत नाही.

याचे कारण किमतीपेक्षा प्रकाशशास्त्रात आहे. होलोलेन्स २ मधील चित्राचे केंद्र (फोकस) साधारण २ मीटर अंतरावर कायमचे बसवलेले आहे. आपल्या फिटरचे हात मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये, डोळ्यांपासून अर्ध्या-पाऊण मीटरवर असतात. तज्ज्ञाने टर्मिनलवर बाण काढला, तर डोळ्याला एकाच वेळी बाणासाठी लांबचे आणि स्क्रूसाठी जवळचे केंद्र साधावे लागते, दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत आणि पंधरा-वीस मिनिटांत कपाळ दुखायला लागते. म्हणूनच चित्रे साधारण सव्वा मीटरपासून पुढे ठेवावीत, अशी मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे. शिवाय उपकरणाचे वजन ५६६ ग्रॅम आहे आणि चित्र दिसण्याचा कोन कर्णरेषेवर सुमारे ५२ अंशांचा आहे. नव्या यंत्राची जागा आखणे, पाइपलाइनचा मार्ग ठरवणे, जुळणीचे प्रशिक्षण देणे, अशा जरा दूर उभे राहून करायच्या कामांत त्याला तोड नाही. ड्राइव्हच्या मागची केबल तपासण्यासाठी मात्र ते चुकीचे साधन आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि येथे थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त पैसा याच अज्ञानामुळे वाया गेला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट क्राउट, सुसान फसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा फार पूर्वी अभ्यास केला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या क्राउट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात नवख्या माणसांनी डोक्यावर कॅमेरा बांधून, दूर बसलेल्या जाणकाराच्या मदतीने सायकल दुरुस्त केली. जाणकाराची मदत मिळालेल्यांचे काम एकट्याने पुस्तिका वाचून करणाऱ्यांपेक्षा पुष्कळ चांगले झाले; पण त्या मदतीला चित्राची जोड असो वा नुसता आवाज असो, कामाच्या फलितात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २००३ साली फसेल आणि सहकाऱ्यांनी आणखी एक तुलना केली. शेजारी बसलेला मदतनीस अर्थातच सर्वांत सरस ठरला. त्याच्याखालोखाल, कामाची पूर्ण जागा दाखवणारा एका जागी उभा केलेला कॅमेरा उपयोगी पडला. डोक्यावरच्या कॅमेऱ्याने मात्र निराशा केली.

ज्यांनी शेजारी उभे राहून कुणाला काम शिकवले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. शिकवणारा सतत शिकाऊच्या नजरेच्या रेषेतूनच पाहत नसतो. त्याची नजर हातांवरून पान्याकडे, पान्यावरून स्क्रीनकडे, तेथून शेजारच्या प्रेशर गेजकडे फिरत असते. डोक्यावरचा कॅमेरा त्याचे हे स्वातंत्र्य काढून घेतो. घालणारा जिकडे पाहील तेवढेच, आणि तेही हलत्या डोक्यासकट, त्याला दिसते. दुसऱ्या टोकाच्या माणसाला अर्ध्या तासात अक्षरशः गरगरते.

एक प्रसंग सांगतो. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे परदेशी अभियंत्यांचे येणे बंद झाले होते, तेव्हा एका हॉरिझॉन्टल मशिनिंग सेंटरचा टूल चेंजर (यंत्रातली हत्यारे आपोआप बदलणारा हात) अर्ध्यात अडकला. विक्रेत्याने चाचणीसाठी दिलेला हेडसेट घालून आमचा फिटर टूल मॅगझिनच्या दरवाजापाशी उभा राहिला आणि जर्मनीतला तज्ज्ञ त्याच्या कॅमेऱ्यातून पाहू लागला. तज्ज्ञाला दोन गोष्टी एकाच वेळी पाहायच्या होत्या: चेंजरच्या हाताजवळचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आल्याचे कळवणारा), आणि तीन मीटर अंतरावरच्या कंट्रोलच्या स्क्रीनवर त्या सेन्सरचा इनपुट बिट, म्हणजे कंट्रोलला संकेत पोहोचला की नाही हे सांगणारा शून्य किंवा एक. फिटर सेन्सरपाशी धातू धरायचा, मग स्क्रीनकडे चालत जायचा, तोपर्यंत धातू दूर झालेला असायचा. कोणी काय केले, केव्हा केले, याचा मेळच लागेना. तीन तास असे गेले. अखेर कोणीतरी आपला मोबाइल एका स्टँडवर लावून स्क्रीनसमोर ठेवला आणि त्याच कॉलमध्ये दुसरा सहभागी म्हणून जोडला. आता तज्ज्ञाच्या पडद्यावर डावीकडे सेन्सर होता आणि उजवीकडे बिट. इमर्जन्सी स्टॉप दाबलेला आणि हवेचा दाब सोडलेला असतानाही सेन्सरचा २४ व्होल्टचा पुरवठा चालू होता, त्यामुळे ही तपासणी सुरक्षितपणे करता आली. फिटरने सेन्सरच्या तोंडाशी पान्याचे टोक नेले. सेन्सरवरचा दिवा लागला, पण स्क्रीनवरचा बिट शून्यच राहिला. सेन्सर चांगला होता, तार तुटली होती, आणि केबल चेनच्या वळणावर ती सापडली. दुसरा कॅमेरा आल्यापासून निदान व्हायला चाळीस मिनिटेही लागली नाहीत.

तेव्हापासून माझा नियम असा आहे, की हेडसेटच्या पेटीतच एक स्टँड आणि एक जुना पण चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल ठेवायचा. मोबाइल पूर्ण दृश्य दाखवतो, हेडसेट जवळचे दाखवतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ही जोडी कुठे दिसत नाही, पण दूरच्या मदतीचे अर्धे काम तीच करते.

बोट दाखवण्याबाबतही असेच आहे. हलत्या चित्रावर काढलेला बाण डोके हलताच भलत्याच नटावर जाऊन बसतो. एकडोळी उपकरणांत म्हणून चित्र थांबवून, त्या स्थिर छायाचित्रावर खूण करून ते परत पाठवण्याची सोय असते, आणि ती आवर्जून वापरावी. छायाचित्र पूर्ण स्पष्टतेने जाते, त्यावरचा नामफलक वाचता येतो, ते नंतर नोंदीलाही राहते. याहून साधा उपाय म्हणजे यंत्रांच्या पॅनेलवर, वॉल्व्हवर आणि मोटारींवर ठळक आकड्यांची स्टिकरे आधीच चिकटवून ठेवणे. ‘डावीकडचा वरचा’ म्हटले की कोणाची डावी बाजू, हा प्रश्न प्रत्येक कॉलमध्ये निघतो. ‘सात नंबर’ म्हटले की वाद संपतो. ही स्टिकरे लावायला एका शिकाऊ उमेदवाराला दोन दिवस लागतात.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, हे वरच्या प्रयोगांतूनही दिसते आणि शॉप फ्लोअरवर तर पदोपदी जाणवते. चित्र गोठले तरी बोलणे चालू असेल, तर काम पुढे जाते. आवाज तुटला की सगळे थांबतात. कारखान्यात ८५ ते ९० डेसिबल गोंगाट ही नेहमीची गोष्ट आहे आणि आठ तासांसाठी आपल्याकडची मर्यादाच ९० डेसिबल आहे. अशा जागी कामगाराच्या कानात इयरप्लग असतात. म्हणजे उपकरणाचा उघडा स्पीकर निरुपयोगी. कानाचे संरक्षण करणारे आणि त्याच वेळी बोलणे ऐकवणारे इयरफोनच लागतात. ते बहुधा वेगळे विकत घ्यावे लागतात आणि अंदाजपत्रकात विसरले जातात.

आवाजाची आणखी एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. या उपकरणांचे मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट गाळून फक्त बोलणे पुढे पाठवण्यासाठी बनवलेले असतात, आणि ते काम ती चोख करतात. पण बेअरिंगची घरघर, गिअरबॉक्सचा ठोका, हवेच्या गळतीचा फुसकारा हाही गोंगाटच समजून गाळला जातो. तज्ज्ञ म्हणतो, जरा जवळ नेऊन ऐकवा. फिटर मान खाली घालतो. पलीकडे शांतता पसरते. अशा वेळी मोबाइलवर तो आवाज स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून फाइल म्हणून पाठवावा. मोबाइलचे साधे ध्वनिमुद्रण फारसे काही गाळत नाही.

नेटवर्कविषयी आयटी विभागाशी बोलताना एक गोष्ट आधी ठसवा: येथे महत्त्व अपलोडला आहे. कार्यालयातला माणूस बहुतेक वेळा बाहेरचे पाहत असतो. आपला फिटर बाहेर दाखवत असतो. समाधानकारक स्पष्टतेसाठी प्रत्येक कॉलमागे वरच्या दिशेने किमान दीड मेगाबिट आणि शक्य तर चार-पाच मेगाबिट प्रतिसेकंद सतत मिळायला हवेत. ‘सतत’ हा शब्द येथे मोलाचा आहे, कारण पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्रांच्या लोखंडी भिंतींमागे वायफायची ताकद पावलापावलाला बदलते आणि फिटर एका ॲक्सेस पॉइंटच्या (वायफाय पुरवणाऱ्या पेटीच्या) हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की कॉल दोन-तीन सेकंद गोठतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जुन्या शिफारशीनुसार सहज संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. पुणे ते जर्मनी हे अंतरच त्यातला मोठा वाटा खाते. त्यात तुमची सगळी वाहतूक आधी मुख्य कार्यालयाच्या व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) फिरून जात असेल, किंवा फायरवॉलने यूडीपी (थेट व्हिडिओसाठी सोयीची, न थांबता पाठवणारी पद्धत) अडवल्यामुळे व्हिडिओ टीसीपीवरून (हरवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीने) रखडत जात असेल, तर दोघेही एकमेकांचे बोलणे तोडत राहतात आणि दोष हेडसेटला दिला जातो.

म्हणून खरेदीच्या आधी एक फेरी मारा. सगळी यंत्रे चालू असलेल्या पाळीत, ज्या यंत्रांचा बिघाड सर्वांत महाग पडतो त्यांच्या पॅनेलमागे, खड्ड्यात आणि वरच्या प्लॅटफॉर्मवर प्रत्यक्ष उभे राहून साध्या मोबाइलवरून वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून पाहा. जेथे मोबाइलचा कॉल टिकत नाही, तेथे हेडसेटचाही टिकणार नाही, आणि त्या जागी पहिला खर्च ॲक्सेस पॉइंटवर व्हायला हवा. हेडसेटसाठी वेगळे नेटवर्क ठेवा. यंत्रांच्या कंट्रोलचे जाळे आणि हे जाळे यांची गाठ कुठेही पडू देऊ नका.

घालणाऱ्या माणसाकडे आता वळतो. रिअलवेअरच्या पहिल्या एचएमटी-१ या उपकरणाचे वजन ३८० ग्रॅम होते, नंतरच्या नॅव्हिगेटर मालिकेत ते सुमारे २७० ग्रॅमवर आले आणि बॅटरी उपकरण बंद न करता बदलता येऊ लागली. मानेला हा फरक लगेच कळतो. पडदा हाताच्या अंतरावर धरलेल्या सात इंची टॅबलेटएवढा भासतो, असे त्याचे वर्णन करतात आणि ते बरोबर आहे. पण त्याचे केंद्र १ मीटरवर आहे, त्यामुळे चाळिशी लागलेल्या, विशेषतः दोन भिंगांचा चष्मा वापरणाऱ्या फिटरला पडद्यासाठी मान वर-खाली करावी लागते. तुमचे सर्वांत अनुभवी लोक याच वयाचे आहेत. चाचणीत त्यांना आधी बसवा, तरुण अभियंत्यांना नंतर. पडदा कोणत्या डोळ्यासमोर असावा, हेही प्रत्येकाचे पाहावे लागते. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधल्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहायची आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. मी बहुतेकांना पडदा त्याच डोळ्यासमोर, पण नजरेच्या रेषेच्या किंचित खाली लावायला सांगतो, म्हणजे हवा तेव्हाच त्याकडे पाहता येते.

आवाजी आज्ञांचे कौतुक फार होते. आमच्याकडे आलेल्या संचातल्या आज्ञा इंग्रजी होत्या, आणि आपल्या उच्चारांना त्या सरावाने जमतात. तरी पहिल्या आठवड्यात कोणी चारचौघांत यंत्राशी इंग्रजीत बोलायला तयार नसते. लाज ही खरी अडचण असते. तिला प्रशिक्षणाच्या पत्रकात जागा नसते, म्हणून पहिला सराव बंद खोलीत, दोघा-दोघांच्या जोडीने घ्या. बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटल्या तरी उपकरण कपाटात जाऊन पडण्याची कारणे त्याच असतात. घामाने भिजलेली कपाळपट्टी दुसऱ्याला घालावी लागणे, हेल्मेटवर क्लिप नीट न बसणे, कूलंटच्या धुक्याने कॅमेऱ्याची काच तेलकट होणे, ही ती कारणे. प्रत्येकाला स्वतःची पट्टी द्या आणि पेटीत काच पुसण्याचे मऊ कापड ठेवा.

सुरक्षिततेबाबत मी तडजोड करत नाही. एका डोळ्यासमोर पडदा असताना चालणे, शिडी चढणे आणि फिरत्या भागाजवळ वाकणे बंद. पडदा वर उचलायचा, मग हालचाल करायची. लॉकआउट-टॅगआउट (यंत्राची वीज तोडून त्यावर कुलूप आणि फलक लावणे) नेहमीप्रमाणेच होईल, आणि यंत्र चालू करण्याचा निर्णय जागेवर हजर असलेल्या जबाबदार माणसाचाच राहील. दूरचा तज्ज्ञ कितीही मोठा असला, तरी तो पॅनेलच्या मागे कोण उभे आहे हे पाहू शकत नाही. हे वाक्य पुरवठादाराबरोबरच्या करारात लिहून घ्या. तुमच्या समूहाचा एखादा विभाग तारापूर, महाड किंवा लोटेसारख्या रासायनिक पट्ट्यात असेल आणि तेथे ज्वालाग्राही वायूची शक्यता असलेली क्षेत्रे असतील, तर साधा हेडसेट तेथे नेताच येणार नाही. त्यासाठी स्फोटप्रतिबंधक प्रमाणित उपकरण लागते, रिअलवेअरचे एचएमटी-१झेड१ हे झोन १ साठी, म्हणजे नेहमीच्या कामातही ज्वालाग्राही वायू असू शकतो अशा जागेसाठी, बनवले गेले आहे, आणि भारतातल्या मान्यतेबाबत नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे नियम पाहावे लागतात.

कामगार वापरतील का, या तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर कॅमेऱ्याशी निगडित आहे. ज्या कारखान्याच्या दारातच कामगारांचे मोबाइल जमा करून घेतले जातात, त्याच कारखान्याने त्यांच्या डोक्यावर कॅमेरा बसवला तर शंका येणे स्वाभाविक आहे: हा मदतीसाठी आहे की पाळतीसाठी? ही शंका अडाणीपणाची नाही. त्यामुळे उपकरणे येण्याआधी युनियनच्या प्रतिनिधींसमोर बसून तीन गोष्टी लेखी ठरवा. कॉल नसताना कॅमेरा बंद असेल. चित्रमुद्रण मुळात बंद असेल आणि करायचे झाल्यास घालणाऱ्याला आधी सांगून होईल. आणि त्या चित्रणाचा उपयोग शिस्तभंगाच्या कारवाईसाठी किंवा कामाचा वेग मोजण्यासाठी कधीही होणार नाही. चेहरे आणि आवाज हा वैयक्तिक विदा (डेटा)च आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा डोळ्यांसमोर ठेवून साठवण किती दिवस, कुठे आणि कोणाच्या ताब्यात, हे ठरवलेले बरे. ग्राहकांच्या सुट्या भागांची गोपनीयता हा वेगळा विषय आहे. काही ग्राहक आपल्या भागाचे चित्र देशाबाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे कॉलच्या आधी यंत्रावरचा भाग झाकण्याची किंवा काढण्याची सवय लावा.

कोणते आणि किती, यावर फार लिहीत नाही. या क्षेत्रात उपकरणांचे आयुष्य उत्पादकाच्या मर्जीवर असते, हे अलीकडच्या वर्षांनी दाखवून दिले आहे. गूगल ग्लासची पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली, सामान्य विक्री २०१५ मध्ये थांबली, २०१७ मध्ये ती उद्योगांसाठी परत आली आणि मार्च २०२३ मध्ये तीही बंद झाली. होलोलेन्स २ चे उत्पादन थांबल्याची बातमी २०२४ मध्ये आली. त्याला सुरक्षाविषयक सुधारणा २०२७ च्या अखेरपर्यंतच मिळणार आहेत. म्हणून हेडसेटच्या आधी सॉफ्टवेअर निवडा, आणि ते असे निवडा की जे मोबाइल, टॅबलेट आणि दोन-तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या हेडसेटवर सारखेच चालेल. तुमचा जर्मन आणि जपानी पुरवठादार आधीपासून कोणते वापरतो, ते विचारा. दोघांसाठी दोन वेगळी ॲप लागणार असतील, तर ते आत्ताच कळलेले बरे. पहिले सहा आठवडे फक्त मोबाइल आणि स्टँडवर काम करा. प्रत्येक कॉलनंतर एकच प्रश्न नोंदवा: या वेळी दोन्ही हात मोकळे असते, तर फरक पडला असता का? ज्या यंत्रांवर उत्तर वारंवार ‘हो’ येईल, त्यांच्यासाठी दोन हेडसेट घ्या. दहा घेऊ नका.

राहिला प्रश्न दुसऱ्या टोकाच्या माणसाचा. घड्याळ पाहा: तिसऱ्या पाळीत रात्री दोन वाजता यंत्र थांबले, तर जर्मनीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात, आणि जपानमध्ये पहाटेचे साडेपाच. करारात चोवीस तासांची सेवा लिहिलेली नसेल, तर सर्वांत महागड्या वेळी त्या बाजूला कोणीही नसते. असले तरी तो इंग्रजीत बोलणार आणि रात्रपाळीचा फिटर मराठीत किंवा हिंदीत विचार करणार. मध्ये दुभाष्या म्हणून देखभाल अभियंता लागतोच, आणि तिघांचा कॉल असेल तर कोण कोणाशी बोलते आहे, हे नाव घेऊन सांगण्याची शिस्तही लागते.

म्हणून तुमच्या ज्येष्ठ फिटरना या व्यवस्थेच्या कडेला ठेवू नका. पहिले दूरचे तज्ज्ञ तेच असावेत. त्यांच्या घरी एक मोठा टॅबलेट आणि खात्रीचे इंटरनेट द्या, निवृत्तीनंतर दर महिन्याचे ठरावीक मानधन आणि रात्रीच्या कॉलचा वेगळा मोबदला लिहून द्या, आणि ही सवय ते नोकरीत असतानाच सुरू करा. सुरुवातीला ते केबिनमध्ये बसतील आणि शिकाऊ फिटर हेडसेट घालून यंत्रापाशी जाईल. काही दिवसांतच त्यांच्या लक्षात येईल की वर्षानुवर्षे ते ज्या खुणांवर बिघाड ओळखत आले, त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यातून येतच नाहीत: तेल जळल्याचा वास, मोटारीच्या अंगाचा ताप, टेबल सरकताना हाताला लागणारा बारीक झटका. मग ते मुलांना विचारू लागतील, ‘वास कसला येतोय? थर्मामीटर धरून आकडा सांग. झटका एका जागी येतो की सगळीकडे?’ हे प्रश्न लिहून घ्या. मी पाहिलेल्या एका कारखान्यात अशा प्रश्नांची दोन पानी यादी लॅमिनेट करून हेडसेटच्या पेटीच्या झाकणाला आतून लावली आहे, आणि रात्रपाळीची मुले कॉल लावण्याआधी ती वाचून, आकडे घेऊन मगच बोलायला सुरुवात करतात.